डोंगर पावसाळ्यातच बघावा

डोंगरावर हवापालटाला जायचं तर वर्षातला कोणता काळ चांगला, हा आपला वाद अर्धाच राहिला, वहिनी. मागच्या आठवड्यात दादाबरोबर मी नेरळला जाऊन आले. तिथे जे कळलं ते तुला सांगायचं आहे, आणि ऐकायला तू नाहीस. म्हणून लिहिते.

आधी एक गोष्ट. मी तुला इथे 'तू' म्हणणार आहे. घरात सर्वांसमोर मी तुला 'वहिनी, तुम्ही' म्हणत असे आणि तू मला 'अहो वन्सं'. मागच्या पडवीत दोघीच असलो की मी 'मनू' होत असे आणि तू 'तू'. आई जवळ आली की तू मधल्यामधे शब्द बदलायचीस. "अगं मनू, ते भांडं" इथवर आलेलं वाक्य "द्या बघू इकडे, वन्सं" असं संपवायचीस, आणि मला हसू दाबावं लागायचं. आता पडवीत कोणीच येत नाही, तेव्हा शब्द बदलायचं कारण उरलं नाही.

मी मुळात कमी बोलणारी. वडिलांनी हौसेने मिशनच्या शाळेत घातलं, तिथे सगळं शिक्षण इंग्रजीत. शाळेत माझं इंग्रजी घरच्या मराठीसारखं सहज नव्हतं म्हणून गप्प, आणि घरी आले की "मडम आल्या" म्हणून बायका हसतील म्हणून गप्प. वडील गेल्यावर तर मी आणखीच मिटले. मला वाद घालता येतो हे तुझ्याखेरीज या घरात कोणाला ठाऊक नव्हतं. मला तरी कुठे होतं? तू लग्न होऊन आलीस आणि पहिल्याच पावसाळ्यात खिडकीशी उभी राहून म्हणालीस, "ठाण्याला डोंगर आहेत म्हणतात, ते हेच का? हे तर आमच्याकडे बांधाला असतात." मी म्हटलं, "ते येऊर आहे. चांगलं उंच आहे." तू म्हणालीस, "असेल हो. बसलेलं असेल." तिथून आपण सुरू झालो.

तुझं माहेर नेरळच्या पलीकडे, माथेरानच्या अगदी पायथ्याला. लहानपणी मामाच्या खांद्यावर बसून तू एकदा वर गेली होतीस आणि साहेबाच्या बंगल्यात काचेची दारं बघून आली होतीस. त्या एका फेरीवर तू पुढे किती वर्षं बोलत होतीस. मला वाटायचं, एवढी बडबडी मुलगी आमच्या घरात दिली कोणी? आमच्या घरात बोलणं म्हणजे मीठ. मीठ किती आलं, बांध कुठे फुटला, मचवा भरला की नाही. दादा दिवसभर खाडीकडच्या मिठागरावर, आणि घरी आला की पाय धुऊन जेवून झोपणारा. तो तुझ्याशी चारचौघांत कधी बोलला नाही. पण तू डोंगराचं काही सांगत असलीस की पानावर त्याचा हात हळू चालायचा, हे मी पाहिलं आहे. तू पाहिलं होतंस की नाही, हे मी तुला विचारलं नाही.

तुला पहिल्यांदा हिवताप आला तेव्हा कोणाला फार वाटलं नाही. खाडीकाठच्या घरात ताप येतो आणि जातो. तुझा येत राहिला. मधे ते मूल गेलं, जन्माला येण्याआधीच. त्यानंतर तू खिडकीशी उभी राहिनाशी झालीस, बसू लागलीस. मग गेल्या माघात डॉक्टर घरी आले. क्विनाइनची पुडी ठेवली, तुझे डोळे पाहिले आणि दादाला म्हणाले, "औषधाने ताप उतरेल, पण या हवेत पुन्हा चढेल. यांना उंचावर न्या. महिना दोन महिने. माथेरान जवळ आहे."

आई दाराआडून ऐकत होती. मला वाटलं ती नाही म्हणेल. ती म्हणाली, "डॉक्टर म्हणतायत तर न्यायलाच हवं. औषधच ते."

त्या संध्याकाळी तुझ्या तोंडावर जो उजेड आला तो मी ताप उतरल्याचा समजले.

आणि मग प्रश्न आला, कधी.

डॉक्टर म्हणाले होते लवकर. पण माघ ते ज्येष्ठ मीठ पिकतं. ऊन जितकं कडक तितकं मीठ चांगलं. दादा म्हणाला, "वाफ्यावर मी नसलो तर माणसं दुपारी झोपतात. मीठ काळं निघतं." आणि दादाशिवाय तुला नेणार कोण? पावसाळ्यात आगर पाण्याखाली, दादा मोकळा. पण पावसाळ्यात माथेरान बंद. मला तेव्हा पहिल्यांदा ध्यानात आलं की साहेब लोक डोंगरावर जातात ते नेमके आमच्या मिठाच्या महिन्यांत, आणि आम्हाला उसंत मिळते ती डोंगर मिटल्यावर. मिठाच्या घरातलं कोणी माथेरानला गेल्याचं म्हणूनच कधी ऐकलं नसेल.

मी शाळेतल्या आमच्या मडमेला विचारलं. मी आपण होऊन कोणाला काही विचारावं, ही माझ्यासाठी केवढी गोष्ट होती ते तुलाच कळेल. ती दरवर्षी जाणारी. तिने मला नीट सांगितलं. उन्हाळ्यात वर गार असतं, करवंदं आणि जांभळं असतात, पण वाटा धुळीने लाल होतात, गर्दी होते, पाणी कमी पडतं. पौषात वारा बोचतो, आजारी माणसाला नको. सगळ्यात चांगला काळ पावसाळा संपल्या संपल्या. हवा धुतलेली, झरे वाहते, आणि कड्यावर उभं राहिलं तर थेट मुंबईचा समुद्र दिसतो. मी हे सगळं तुला येऊन सांगितलं. तू पांघरुणात होतीस, नाकापर्यंत.

"तुझ्या मडमेला डोंगर म्हणजे चादर वाटतो का गं? धुऊन वाळल्यावर अंथरायची?"

"मग कधी जावं?"

"श्रावणात."

"श्रावणात बंद असतं. बंगल्यांना गवताच्या झडपा बांधतात, सगळे खाली उतरतात."

"बंगले बंद होतात. डोंगर नाही."

"आणि राहायचं कुठे?"

"खाली. पायथ्याशी. हवा तीच की. डोंगर पावसाळ्यातच बघावा, मनू. आमच्या ओटीवरून हात लांब केला तर लागेल इतका जवळ येतो. अंगावर पांढऱ्या दोऱ्या सोडल्यासारखे धबधबे. झाडन् झाड दिसतं."

"पावसात? ढगात कसं दिसेल?"

"तू बघितलंयस का मी बघितलंय?"

हा तुझा हुकमाचा पत्ता.  पण मी हटत नसे. भूगोलाच्या पुस्तकातून पावसाचे ढग किती खाली उतरतात ते तुला वाचून दाखवलं. तू म्हणालीस, "इंग्रजीत उतरत असतील." ताप नसलेल्या दिवशी आपण हे भांडण दुपारभर पुरवत होतो. कधी मी आश्विन म्हणायची, कधी कार्तिक. तू श्रावण सोडला नाहीस. एकदा मी वैतागून म्हटलं, "तुम्हाला बरं व्हायचंय की धबधबे बघायचेत?" रागात मी 'तुम्ही' म्हणते हे तुला माहीत होतं. तू हसली नाहीस. म्हणालीस, "दोन्ही." आणि कुशीवर वळलीस.

आईपुढे हे गेलं तेव्हा ती म्हणाली, "श्रावणात कशी जाईल? श्रावणी शुक्रवार, मग गौरी-गणपती. घरात सून एक. सण कोण करणार? मनूला पुरण शिजलं की नाही कळत नाही." हे खोटं नव्हतं. मला अजून कळत नाही. मग कार्तिक ठरला. तुळशीचं लग्न झालं की निघायचं, आगराचे बांध घालायला दादाने मुकादमाला सांगून ठेवायचं. दादाने नेरळहून वर जायला तुझ्यासाठी मेण्याची चौकशीही केली. तू म्हणालीस, "मी मेण्यात? आमच्या गावच्या बायका दुधाची भांडी डोक्यावर घेऊन चढतात, त्या मला बघून हसतील." पण तू पेटीतून धाकटी शाल काढून उन्हात टाकलीस. मी मनात म्हटलं, चला, वाद मी जिंकले.

आषाढाच्या शेवटी तू गेलीस. त्या दिवसांबद्दल मी लिहिणार नाही. तू शुद्धीवर असताना शेवटी मला म्हणालीस, "श्रावण लागला का?" मी म्हटलं, "चार दिवस आहेत. झोप." मला वाटलं, आजारी माणसाचं बोलणं.

तुझा मामा दहाव्याला आला. दर श्रावणात यायचा तसाच, छत्री बगलेत धरून. दर श्रावणात तो मुराळी म्हणून यायचा, तुला पंचमीला माहेरी न्यायला. पडशीत तांदळाची पुरचुंडी आणि वेलावरच्या काकड्या असायच्या. आई त्याला चहा करायला सांगायची, प्रकृती विचारायची, आणि म्हणायची, "यंदा राहू द्या. पुढल्या वर्षी पाठवू." तो "बरं" म्हणायचा. तू पाणी द्यायला बाहेर यायचीस, पदर पुढे ओढून, आणि त्याला विचारायचीस, "आई बरी आहे ना?" तो म्हणायचा, "बरी आहे." मग तो एकटा परत जायचा आणि रात्री आमच्या पानात काकडीची कोशिंबीर असायची. लग्न झाल्यापासून दर वर्षी हेच झालं. मी ती कोशिंबीर खाल्ली आहे, वहिनी. चांगली असायची.

तुझी आई मात्र कधी आमच्या घरी आली नाही. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, उंबरा ओलांडायचा नाही, हे तुमच्याकडे कडक. आमच्याकडेही आहे, पण आम्ही वाकवून घेतो. तुमच्याकडे नाही वाकवत. दहाव्यालाही ती आली नाही. मामाने सांगितलं, "गाडीत बसायला निघाली होती. स्टेशनापर्यंत आली. मग म्हणाली, ती असताना गेले नाही, आता कशाला जाऊ."

यंदा आमच्या घरी सण नव्हते. सुतक, मग वर्षाचं दुःख. शुक्रवार नाहीत, गौरी नाहीत, पुरण नाही. श्रावणभर स्वयंपाकघर रिकामं होतं आणि आई चुलीपुढे नुसती बसलेली असे. एका दुपारी ती मला म्हणाली, "यंदा खरं तर ती मोकळी होती." आणि मग तोंडावर पदर घेतला. आईला मी असं कधी पाहिलं नव्हतं. मी तिच्याजवळ जाऊन बसले. 

तुझ्या माहेरची लुगडी आणि दागिने तुझ्या आईकडे पोचवायचे होते. आई म्हणाली, पाऊस संपल्यावर जा. दादा म्हणाला, "नाही. आत्ताच जातो." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तू येतेस?" दादाने मला कुठे चल म्हणावं हे पहिल्यांदाच.

कल्याणला गाडी बराच वेळ थांबली. इंजिनाला पाणी घेत होते. दादा खाली उतरून उगाच फलाटावर फिरला आणि परत आला. तू सांगितलं होतंस, कल्याण सोडलं की उजव्या खिडकीशी बसायचं, आधी मलंगगडाचे सुळके येतील, मग डोंगर सरकत सरकत जवळ येतो आणि नेरळला डोक्यावर उभा राहतो. मी उजव्या खिडकीशी बसले. सुळके आले नाहीत. काहीच आलं नाही. हिरवी भातं आणि त्याच्यावर पांढरं. मला वाटलं, नेरळला दिसेल. नेरळला उतरलो, बैलगाडीत बसलो, तुमच्या गावात शिरलो. डोंगर कुठेच नव्हता. ज्या बाजूला तो असायला हवा तिथे धुतलेल्या कापडासारखा ढग अगदी झाडांपर्यंत खाली आला होता.

तुझी ओटी मी ओळखली. तू सांगितली होतीस तशीच, डाव्या हाताला जातं, उजव्या हाताला तुळस. तुझी आई बाहेर आली. ती तुझ्यासारखी नाही, उंच आहे. पण 'या' म्हणताना मान तशीच एका बाजूला करते. दादाने बोचकं तिच्यापुढे ठेवलं. तिने ते उघडलं नाही. नुसता हात ठेवून बसली.

 मला ते सहन झालं नाही, आणि माझ्याकडे एकच विषय होता. मी म्हटलं, "वहिनी म्हणायच्या, या ओटीवरून पावसाळ्यात डोंगर फार छान दिसतो."

तुझी आई माझ्याकडे बघत राहिली. "पावसाळ्यात?"

"हो. हाताला लागेल इतका जवळ. धबधबे, झाडन् झाड."

"ठकी असं म्हणायची?" माहेरचं तुझं हे नाव मी पहिल्यांदाच कोणाच्या तोंडून ऐकलं. "अगं बाय, पावसाळ्यात कुठला डोंगर. आखाड लागला की डोंगर जातो तो दसऱ्यालाच येतो. एखाद दिवस उघडतो, नाय असं नाय. पण दिसायला नाय. पोरी म्हणून तर श्रावणात येतात. बाहेर बघायला काय नसतं, शेतात लावणी उरकलेली असते, मग आया मोकळ्या. चुलीशी बसून नुसतं बोलायचं."

मी अंगणाकडे पाहिलं. कोपऱ्यातल्या आंब्याला पंचमीच्या झोक्याचा दोर होता. भिजून काळा पडलेला.

म्हणजे वाद मी खरंच जिंकले होते, वहिनी. मडम बरोबर होती, भूगोलाचं पुस्तक बरोबर होतं. ढग खाली उतरतात, आणि श्रावणात डोंगर दिसत नाही. हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तू तिथेच वाढलीस. माहेरी पाठवा असं तू आईपाशी एकदाही म्हणाली नाहीस. सुनेने ते मागायचं नसतं. हवापालट मात्र औषध होतं, ते मागता येत होतं. मला तरी सांगायचं होतंस. पडवीत कोण होतं ऐकायला? की मला सांगितलंस, दुपार दुपार सांगितलंस, फक्त धबधब्यांच्या भाषेत, आणि मी तुला ढगांची उंची वाचून दाखवत राहिले? याचं उत्तर तू देणार नाहीस. राग मात्र मला आला आहे, आणि तो कोणावर करावा ते कळत नाही. तुझ्यावर केला तर तू म्हणशील, "अहो वन्सं, सावकाश."

तुझी आई बोचक्यावरून हात फिरवत होती. तिने दादाला विचारलं, "डाक्तरनं डोंगरावर न्यायला सांगितलंवतं ना? मामा म्हणाला मला. कधी आणणार होता तिला?"

दादाने खाली बघितलं. त्याला कार्तिक म्हणायचं होतं, आणि तो खोटं बोलत नाही. मीही बोलत नाही. कोणी काही विचारलं तर गप्प बसणं ही माझी सवय आहे, आणि गप्प बसलेल्या माणसाला खोटं बोलावं लागत नाही.

मी म्हटलं, "श्रावणात."

तुझ्या आईने वर बघितलं.

"वर बंद असतं तेव्हा," मी म्हटलं, "म्हणून खालीच राहायचं ठरलं होतं. इथे. महिनाभर. वहिनींनी शाल उन्हात टाकली होती." शेवटचं तेवढं खरं होतं.

मी दादाकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर माझा धीर सुटला असता.  मग माझ्यामागून दादा म्हणाला, "मीच घेऊन येणार होतो. पंचमीच्या आधी."

तुझी आई हळू मान हलवत राहिली. "तरी मी म्हणत होते," ती म्हणाली. "मामाला म्हटलं, यंदा झोका बांधून ठेव."

मग ती उठून आत गेली. आतून भांड्यांचा आवाज आला. तिने आम्हाला जेवायला वाढलं. निघताना माझ्या हातात तांदळाची पुरचुंडी दिली आणि वेलावरच्या काकड्या. म्हणाली, "श्रावणात आलेल्या पोरीला रिकामी नाय धाडत." श्रावण केव्हाच संपला होता, भाद्रपद लागला होता. मी पुरचुंडी पदरात घेतली.

परतीच्या गाडीत मी डाव्या खिडकीशी बसले. काही दिसत नव्हतं. कल्याण येईपर्यंत दादाही त्याच बाजूला बघत होता.